तीन सुरांची जागा

"पारंपरिक म्हणजे काय, दिनकरराव? मी काय मेलोय का?"

मानवतकरांनी गिटारची पेटी टेबलावर आपटली. पण त्यांची कॅसेट काढायला तयार झालेला अख्ख्या परभणीत हा एकच दुकानदार होता. त्यामुळे आपटून झाल्यावर त्यांनी ती हळूच उचलून खाली ठेवली.

"खामखा चिडू नका," दिनकरराव म्हणाले. "येलदरीकडं नर्मदाबाई म्हणून एक म्हातारी हाय. तुमचं हेच दळणाचं गाणं म्हणते. लय जुनं हाय म्हणते. उद्या कुणी भांडत आलं तर? कव्हर सोमवारी छापायला जायलंय. 'मी हे मानवतकरांचंच ऐकलं' असं तिच्या अंगठ्यानिशी आणा, कव्हरवर तुमचं नाव टाकतो. न्हाईतर पारंपरिक."

मानवतकरांचं डोकं फिरलं, आणि ते फिरण्याजोगंच होतं. पंधरा वर्षं त्यांनी गिटार घेऊन जिल्हा पालथा घातला होता. हैदराबादेत घेतलेली जुनी गिटार, तिच्यावर खेड्यातल्या बायकांच्या ओव्यांचा ठेका आणि शब्द स्वतःचे. लग्नात वाजवायला गेले की नवरदेवाचा मामा म्हणे, सिनेमातलं वाजवा. भजनी मंडळी म्हणत, हे इंग्रजी आहे. शहरातले म्हणत, हे गावठी आहे. चंद्रभान हे नावही गावठी वाटतं म्हणून त्यांनी जाहिरातीवर सी. बी. मानवतकर करून घेतलं होतं. मानवत तरी कुठे त्यांचं होतं? ते मामांचं गाव. आई गेल्यावर मामांनी त्यांना तिथे वाढवलं, आणि बापाच्या गावाचं त्या घरात कुणी नाव काढत नसे.

मग एकोणऐंशी साली एक गाणं जमलं. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता आणि ते ती येईल त्याला ऐकवत.

"दळन दळिते, सुपात उरंना धान,
मांडीवर निजला माझा..."

इथे एक शब्द मात्र काही केल्या सापडला नाही. राजा घालून पाहिला, कान्हा घालून पाहिला. कशानेच मन भरेना. शेवटी वैतागून त्यांनी तिथे गिटारचे तीन सूर टाकले, तिसरा लांबवलेला. लोकांना नेमके तेच आवडले. जत्रेत पोरं शीळ घालून ते तीन सूर वाजवत. आयुष्यभराच्या उठाठेवीतून मिरवण्यासारखं हे एकच गाणं हाती लागलं होतं, आणि आता तेही पारंपरिक!

दुसऱ्या दिवशी ते निघाले, तर नेमका नामांतराचा बंद. जिंतूरला एसटी तीन तास उभी. पुढे एका जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून ते वस्तीवर पोचले. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेल्यावर ही वस्ती बसली होती. नर्मदाबाई ओसरीवर मूग निवडत होत्या.

"मी सी. बी. मानवतकर."

"ह्ये कसलं नाव?" नर्मदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा मुगाकडे वळल्या.

मानवतकरांनी लिहून आणलेला कागद पुढे केला. शाईचं पॅड उघडलं. सगळं समजावून सांगितलं, दोनदा.

"हे गाणं तुम्ही रेडिओवर ऐकलं असणार, बाई."

"आमच्याकडं रेडू न्हाई."

"मग जत्रेत."

"जत्रेत ऐकलं की. पन ते लंगडं हाय. कुनीतरी त्याचा शेवट खाल्लाय."

"खाल्लेला नाही!" मानवतकर ओरडले. "ती गिटारची जागा आहे!"

"वरडायलाव कशाला? तुमी कवा बांधलं?"

"एकोणऐंशी साली."

"तवर माझे दात पडले व्हते. ही ववी माझं थोरलं लेकरू रांगत व्हतं तवाची."

"मग काय तुम्ही बांधली?"

"म्या? मला कुठलं यायलंय." नर्मदाबाईंचे हात पहिल्यांदाच थांबले. "माझ्यासंगं दळायला शेजारीन बसायची, तिनं बांधली. जात्याचा एकच खुटा दोघी धरायचो. तिचं लेकरू तिच्या मांडीवर. पिठानं डोस्कं पांढरं झालं तरी उठायचं न्हाई. अडीच वर्साचं व्हतं बगा, आन् ती तापानं गेली. तिच्या माहेरची मानसं आली आन् लेकरू घेऊन गेली. पुना कुनी दावलं न्हाई."

मानवतकरांनी कपाळावर हात मारला. गाण्यावर हक्क सांगायला आता एक मेलेली बाई!

"पुरावा काय? काही सबूत आहे का तुमच्याकडे?"

"ववीला कसला आलाय सबूत? जात्यावर बाई आपल्या लेकराचं नाव घालती. म्हननारनी बदलत्याल तसं नाव बदलतं. म्या मातर तिच्या लेकराचंच नाव ठिवलं. तेवढंच राह्यलंय तिचं." त्यांनी सूप बाजूला सारलं. "वाजवा तुमचं ते. म्या म्हनते. मंग कुठं लंगडं हाय ते कळंल."

बरं झालं, मानवतकरांना वाटलं. गिटार नेमकी कुठे येते ते हिला दाखवूनच देऊ, मग मुकाट्याने अंगठा देईल. त्यांनी पेटी उघडली, तारा जुळवल्या आणि त्या तीन सुरांवर बोटं तयार ठेवली. नर्मदाबाईंनी डोळे मिटले. हात रिकाम्या जमिनीवर जात्यासारखा गोल फिरू लागला.

"दळन दळिते, सुपात उरंना धान,
मांडीवर निजला माझा चंद्रभान."