गॅस्किन्सांचं निळं भांडं

झाकलेलं भांडं छातीशी धरून मार्लीन टटल चर्चला वळसा घालत मागच्या दाराकडे निघाली होती. आल्यागेल्याला जागा दाखवायला पांढरे हातमोजे घालून उभ्या असलेल्या रूफसकाकांनी तिला हटकलं.

"अहो बाई, चोरासारखं मागून कुठे? पुढच्या दारानं या. प्रवचन आत्ता कुठे सुरात आलंय."

आत पाद्रीबाबांच्या बोलण्याचं गाणं झालं होतं. एक ओळ ते गात, दुसरी सगळी मंडळी टाळ्यांसकट उचलून धरत. ऐकता ऐकता डोळे आपसूक मिटावेत, असा तो आवाज. मार्लीनला मात्र मानच वर करवेना. काळ्या मंडळींच्या त्या चर्चमध्ये गोरी ती एकटीच.

जॉर्जियातल्या त्या लहानशा गावानं यंदा जुनी पापं कबूल करायचं ठरवलं होतं. ज्यांचं लुटलं, त्यांच्या नातवंडांना परत द्यायचं. कचेरीतले कागद मार्लीननं स्वतः वाचले. शंभर वर्षांपूर्वी तिच्या आजोबांनी माणसं जमवून एझ्रा गॅस्किन्सला झाडाला लटकावलं, त्याचं घर जाळलं. त्याचा गुन्हा काय, तर एकच शब्द लिहिलेला: 'उद्धटपणा'. आणि तिच्या फडताळात हे निळं भांडं, बुडाशी खिळ्यानं कोरलेलं 'गॅस्किन्स'. जन्मभर सणासुदीला तिनं यातूनच वाढलं होतं.

प्रवचन संपलं. एझ्राची नात, नव्वदीच्या मिस व्हर्नेल, पहिल्याच बाकावर होत्या. मार्लीन त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"हे तुमचं, मिस व्हर्नेल. घर जाळलं तेव्हा आमच्या लोकांनी लुटलेलं." तिनं भांडं पुढे केलं. "रिकामं कुठल्या तोंडानं आणू? पीच घालून गोड केलंय थोडं."

"अगं हळू, सांडशील सगळं माझ्या रविवारच्या झग्यावर!" म्हातारीनं भांड्याच्या बुडाखाली बोटं नेली, अक्षरं चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली.

"लुटलेलं नाही गं हे, पोरी. तुमच्याकडे तान्हं बाळ गेलं होतं. घरात चूल पेटली नव्हती, म्हणून माझ्या आजीनं यातून कोंबडीचा रस्सा पाठवला. माझी आई तेव्हा आठ वर्षांची. गोऱ्यांच्या घरी आम्हाला तेव्हा मागचंच दार; तिनं तिथूनच नेऊन दिला."

मार्लीननं मान वर केली. "मग भांडं... कुणी परत नाही केलं?"

"आठवडाभर वाट बघितली. मग आजोबा मागायला गेले," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "पुढच्या दारानं."