पेटी उतरली, औषध मिळालं का?

या, जरा पुढे सरकून बसा. लिहिण्यानं जीव कसा वाचतो, त्याची गोष्ट सांगतो.

काळिंदीताई जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात एआय एजंटांसाठी, म्हणजे माणसाच्या वतीनं कामं करणाऱ्या संगणकी मदतनिसांसाठी, साधनांची वर्णनं लिहीत. कुठलं साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. औषधाच्या ड्रोनच्या नावापुढे आधी एवढंच लिहिलेलं होतं: 'औषध पोचवतो.' ताईंनी भर घातली: 'पेटी उतरली म्हणजे औषध मिळालं असं नाही. माणसानं मिळालं म्हणेपर्यंत काम संपलं समजू नये. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर पेटीजवळच्या घरी फोन करावा.'

"ताई, कीर्तनच लावलंत की!" शेजारचा परीक्षित हसला. "एक ओळ पुरे होती."

"अरे, त्या बापड्या एजंटनं गाव कधी पाहिलंय? सांगायला नको?"

त्याच आठवड्यात, भर दुपारी, डोंगरावरच्या पाड्यात आठ वर्षांच्या जनीला नाग चावला. नर्सबाईंनी औषध मागवलं. एजंटनं धाडलेल्या ड्रोननं पेटी शाळेच्या मैदानात उतरवली. पण सगळा पाडा जनीभोवती गोळा झालेला, मैदानात चिटपाखरू नाही. पाच मिनिटं गेली. मग एजंटनं मैदानालगतच्या घरी फोन लावला, आणि तिथली म्हातारी पेटी छातीशी धरून धावत सुटली.

संध्याकाळी कार्यालयात नर्सबाईंचा फोन आला. "ताई, पोरगी बोलायला लागली हो!"

काळिंदीताईंनी हात जोडले. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं फार झाली गं. तीन करते." आणि तिथल्या तिथे बदललंसुद्धा.

मंडळी, देवाचं नाव घ्याल तेव्हा या काळिंदीताईंचीही आठवण असू द्या.