शेजारच्या माशाचा वास

“तुला तसं वाटतं, की तुला ते माहीत आहे?” थ्रासोनने विचारलं.

म्हातारा फानोस शपथेच्या मध्यावर अडकला. “मिकिऑन हा माझाच मुलगा” एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून गावच्या सभेत चाळीस जणांनी आपापल्या मुलाबद्दल तेच म्हटलं होतं आणि कुणी कुणाला आडवं विचारलं नव्हतं. अथेन्सचा हुकूम होता : गावोगावच्या नागरिकांच्या याद्या तपासा, एकेका नावावर मत घ्या, उपरे काढून टाका. नाव गेलं तर शहराच्या न्यायसभेत दाद मागता येई. तिथेही हरलं तर माणूस गुलामांच्या बाजारात विकला जाई. मिकिऑन कोळसे पाडायचा. त्याच्या तळहातांना घाम फुटला होता आणि तो घामही काळा होता.

थ्रासोन शहरात एका ज्ञानी माणसापाशी आठ महिने राहून नुकताच परतला होता. आला तो अनवाणी. बाप चांभार असून.

“मला खात्री आहे,” फानोस म्हणाला.

“खात्री म्हणजे ज्ञान नव्हे, काका. परवा पाहुण्यांना तू सांगितलंस की आज घरात मासा आहे. कशावरून?”

“वास येत होता.”

“वास कुठून येत होता?”

“शेजारून. लिकोसच्या घरून.”

“आणि तुझ्या घरात मासा होता?”

“होता की. झाकून ठेवलेला. मला पत्ताच नव्हता.”

“म्हणजे बोललास ते खरं निघालं. पण तुला ते माहीत होतं का?”

फानोसने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. नशीब म्हणायचं.”

“मग मिकिऑनचंही तसंच नसेल कशावरून?”

सगळी सभा वळून लिकोसकडे बघू लागली.

“मी त्या वर्षी गलबतावर होतो,” लिकोस म्हणाला.

“कुठल्या वर्षी ते अजून कुणी विचारलं नाही,” मुखी अमिनिआस म्हणाला. “खाली बस.”

मिकिऑन बापाच्या कानाशी लागला. “बाबा, नुसतं हो म्हणा. माहीत आहे म्हणा आणि मोकळे व्हा.”

“देवाची शपथ आहे रे. खोटं कसं बोलू?” फानोस आयुष्यात खोटं बोलला नव्हता आणि सुरुवात करायला त्याला हा मुहूर्त बरा वाटेना. “वाटतं मला. फार वाटतं. पण माहीत म्हणशील तर...”

सभेत कुजबुज झाली. “मग माहीत असणार तरी कुणाला?” कुणीतरी विचारलं.

“आईला,” थ्रासोन म्हणाला.

कुंपणाबाहेर अंजिराखाली मिकिऑनची आई निकारेती बसली होती. ती गावची सुईण. निम्म्याहून जास्त सभा तिच्या हातावर जन्माला आली होती आणि म्हातारे सोडले तर सगळे तिला मावशीच म्हणत.

“बाईची साक्ष चालत नाही,” मुखी म्हणाला. “कायदा आहे.”

“म्हणजे जिला माहीत आहे तिने गप्प बसायचं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी शपथ घ्यायची?”

“बरोबर. नीट समजलास. आठ महिने फुकट नाही गेले.”

“मग शपथ अपुरी आहे. नाव काढा.”

उत्तर सुचलं नाही की विचारणाऱ्याच्या बाजूने मत द्यायचं, ही त्या गावाची जुनी खोड होती. समोर दोन घडे होते, एक ‘राहू दे’चा आणि एक ‘काढा’चा. लोकांनी हातात खडे घेतले. पहिले सात-आठ जण ‘काढा’च्या घड्याकडे निघाले. मिकिऑनशी नजरानजर होऊ नये म्हणून ते आभाळाकडे बघत चालले होते, त्यामुळे एकमेकांवर आदळत होते.

निकारेती उठून कुंपणाशी आली.

“मुखी, साक्ष नाही देत हो मी. नुसतं विचारते. बाई कळांनी बेजार झाली की नाव घेते. कधी नवऱ्याचं घेते, कधी नाही. ऐकायला तिथे मी एकटीच असते. आता थ्रासोनबाळाला ज्ञानच हवंय, तर तुमच्यापासून सुरू करू, की त्याच्यापासून?”

आभाळाकडे बघत चाललेले लोक थांबले. मुखीने आपल्या म्हाताऱ्या बापाकडे पाहिलं. बापाने दुसरीकडे पाहिलं. थ्रासोनचा बाप उठला, पायातल्या चपला काढून त्याने पोरापुढे ठेवल्या आणि म्हणाला, “घाल. आणि घरी चल.”

“ठराव असा,” मुखी घाईघाईने म्हणाला. “या गावात बापाला वाटलं की पुरे.”

एकूण एक खडा ‘राहू दे’च्या घड्यात पडला. पहिला थ्रासोनचा होता. उरलेली बत्तीस नावं शपथेशिवाय, एका दमात पास झाली.

परतताना मिकिऑनने आईला गाठलं. “आई,” त्याने हळूच विचारलं, “खरंच तुला सगळ्यांचं माहीत आहे?”

“छे रे. कळा देताना बाई स्वतःच्या आईला हाका मारते, नाहीतर आर्तेमिस देवीला. नावं घ्यायची शुद्ध कुणाला असते? मला कुणाचंच काही माहीत नाही.”

फानोस इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. मिकिऑनही हसला. डोळे पुसत तो चार पावलं पुढे गेला, आणि थांबला.

“कुणाचंच?”