अदलाबदल नाही

तांब्यातली घरवाटपाची चिठ्ठी चाळीतल्या सुगंधाबाईंनी उलगडली आणि हळूच वाचली. धोंडू परब, तिसरा मजला.

धोंडूने मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं होतं. हात मात्र त्याचा आपसूक शेजारच्या चाकाच्या खुर्चीवर गेला. खुर्चीत त्याची बायको बसली होती, वनमाला.

घाटकोपरच्या सातेरी चाळीच्या जागी उभी राहिलेली ही इमारत म्हणजे धोंडूचा हट्ट. बिल्डर बावीस मजल्यांचा टॉवर द्यायला निघाला होता. धोंडूने घरोघरी जाऊन सांगितलं, टॉवरचा मेंटेनन्स भरता भरता पेन्शनवाले घरं विकून कर्जतपलीकडे जातील. त्यापेक्षा आपणच बांधू, झेपेल एवढंच. तळमजला आणि वर तीन मजले. हवेशीर गॅलरी, पावसाच्या पाण्याची टाकी, गच्चीवर सोलर. आणि लिफ्ट नाही, तिचा खर्च जन्माला पुरतो. त्या वेळी वनमाला कमरेवर हंडा घेऊन जिना चढायची आणि लिफ्ट मागणाऱ्यांना हसायची.

मग बांधकाम चालू असताना, देवनारच्या भाड्याच्या खोलीत, ती मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मालिश झालं, देवीला नवस बोलून झाले. पाय काही परत तिचे झाले नाहीत. तोवर इकडे जिन्याला लाद्या बसल्या होत्या.

चिठ्ठ्यांचा नियमही धोंडूचाच. निघेल ते घर, अदलाबदल नाही. एकाला सूट दिली की दहा जण भांडायला उठतात, हे त्याने चाळीत जन्म काढून पाहिलं होतं. मघाशीच क्षमाने आपल्या दमेकरी सासूसाठी खालचं घर मागितलं, तर त्याने सगळ्यांदेखत नाही म्हटलं. तिची सासू दुसऱ्या मजल्यावर गेली. आणि लगेच पुढची चिठ्ठी ही. देवालाही नेमकं तेव्हाच सुचतं.

चाळीतला तरुण सहदेव उठला. त्याला तळमजला लागला होता.

"काका, माझं घर घ्या. मला काय, तिसरा काय न् दहावा काय."

मंडपातल्या माना धोंडूकडे वळल्या. क्षमा खाली मान घालून बसली होती, आणि तिच्याकडे पाहायचं धाडस कुणालाच होत नव्हतं.

धोंडू म्हणजे आयुष्यभर शब्दाला जागलेला माणूस. पण त्या क्षणी त्याला नियम नको होता, लोकांतली पत नको होती, काही नको होतं. वनमालेला दाराबाहेर बसून भाजीवाल्याशी हुज्जत घालता यावी, एवढंच हवं होतं. लाज गिळून तो 'हो' म्हणायला उठला.

वनमालेने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. क्षमाकडे पाहून ती हसली. मग नवऱ्याला म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात,

"माका एकदाच वर नेवा. खाली आणूक चार माणसां मिळतलीच."