मगरीची जीभ

मलेशियातल्या कुचिंगला नदीकाठी माझं कॉफीचं दुकान आहे. तिथे बुजांगकाका आणि लियूकाका हे जुने मित्र रोज संध्याकाळी वाद घालायचे. एकदा विषय निघाला, मगरीला जीभ असते का? "नसतेच!" लियूकाकांनी टेबलावर हात आपटला. एरवी वाद आठवडाभर चालला असता. पण बुजांगकाकांनी नवा मोबाईल काढून बघितलं. "असते. खालच्या जबड्याला चिकटलेली." लियूकाका कॉफी अर्धीच टाकून उठले. पुढचे सगळे वाद असेच मिनिटात मिटत गेले आणि लियूकाका येईनासे झाले. बुजांगकाका एकटेच मोबाईल चाळत बसायचे. शेवटी मीच म्हणाले, "काका, मोबाईललाच विचारा की, लियूकाका कधी येणार?" ते उठले आणि लियूकाकांना घरून हाताला धरून घेऊन आले. म्हणाले, "खरं सांग, आपल्या तरुणपणी ती होडीवाली पोरगी कुणाकडे बघून हसायची?" लियूकाका गरजले, "माझ्याकडे! तुझ्या थोबाडाकडे कोण बघणार?"