तेव्हा नव्हतं

घशातून नळी निघाली, तरी बसड्रायव्हरच्या छातीत कुणी बर्फ कोंबून ठेवल्यासारखं दुखत होतं. कॉटशेजारी स्टुलावर बसून त्याची वहिनी वाटीतलं सूप निववत होती. त्याला बायको नाही, पोरं नाहीत. हक्काचं माणूस म्हणून ती एकच उरली होती.

डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "अन्ननलिकेचं बिघडलेलं अस्तर गार वायू मारून गोठवलंय. ते गळून पडेल, खालून नवं येईल. असं अजून दोन-तीनदा करू. कॅन्सर झाला नव्हता, पण त्याच वाटेवर होतात. वेळेत आलात म्हणून निभावलं. आज फार बोलू नका."

वेळेत कसला आलाय! थोरला भाऊ याच दुखण्याने गेला, म्हणून घाबरून तपासून घेतलं, एवढंच. भाऊ टेलर होता. एका हाताने छाती चोळत मशीन चालवायचा. जळजळ वाढली की वहिनी पाण्यात सोडा कालवून द्यायची. ढेकर देऊन तो म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण आहे बरं का."

धाकट्याचं दुखणं निघालं आणि त्यावर गोठवायच्या यंत्राचा इलाज आहे असं कळलं, तेव्हा वहिनीने एकच विचारलं होतं, "हे यंत्र ह्यांच्या वेळेला होतं का हो?"

"छे, आत्ता आत्ता आलंय," त्याने ठोकून दिलं होतं. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आता तिने चमचा वाटीत ठेवला. "डॉक्टर, हे यंत्र नवीनच आलंय ना?"

त्याने डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण बाई केसपेपरवर सही करत होत्या.

"नवीन कुठलं? मी नोकरीला लागले तेव्हापासून आहे. लोकच उशिरा येतात. घरी सोडा पीत बसतात."

त्या पुढच्या कॉटकडे गेल्या. वहिनीने चमचा भरून त्याच्या तोंडाशी धरला. त्याने कसंबसं गिळलं. तिने त्याची हनुवटी पदराने पुसली.

"भाऊजी, तुम्ही मला खोटं सांगितलंत."

त्याने मान खाली घातली.

"आता परत सांगा."

घसा सोलून निघाला होता. तरी त्याने एकेक शब्द ओढून काढला.

"तेव्हा नव्हतं, वहिनी."

ती वाटीकडे बघत राहिली.

"अजून एकदा," ती म्हणाली.