नदीने परत केलेलं

मालनने वडिलांची, आप्पांची रक्षा पंचगंगेत सोडली, हात जोडले आणि डोळे मिटले. डोळे उघडले, तर ती करडी राख प्रवाहाच्या उलट सरकत तिच्या पायरीशी परत येत होती.

"दादा, हे काय रे?"

"जंतू," तिचा थोरला भाऊ बजरंग हळूच म्हणाला. नदी साफ करायला सोडलेले ते जंतू आता पाण्याखेरीज सगळ्यालाच घाण समजून बाहेर ढकलू लागले होते. पाणी काचेसारखं नितळ झालं होतं, पण त्यात एकही मासा उरला नव्हता. घाटावर राखेचे ओले ढीग साचले होते. कुणाकुणाचे, कोण जाणे.

"आप्पा जन्मभर तुझ्यात पोहले. त्यांना तरी घे गं बाई," मालन पुटपुटली. तिने पदर खोचला, राख ओंजळीत भरली आणि मधल्या धारेत सोडायला ती पायऱ्या उतरून चालत निघाली.

"मालन, माघारी फिर!" बजरंग किंचाळला.

तिने खाली पाहिलं. भोवतालचं पाणी आवाज न करता मागे सरलं होतं. भर नदीत ती कोरड्या वाळूवर उभी होती. तिचं पाऊलसुद्धा भिजलं नव्हतं.